सोळा, चौसष्ट, बत्तीस

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता माझी बायको सुमती गेली. मी ग्रंथालयात होतो. शिपाई निरोप घेऊन आला. मी रजिस्टर मिटलं, कपाटाला कुलूप लावलं आणि घरी गेलो.

त्यानंतर सात महिन्यांनी मी कोल्हापूरला गेलो आणि पाच दिवस त्या बाजूला राहिलो. अकोल्यात परतल्यापासून बरेच जण विचारतात, एवढ्या लांब कशाला गेला होतात? तोंडी सांगणं मला जमत नाही, म्हणून लिहून काढतो आहे. कुंडलिनी हा शब्द ज्यांनी नुसता ऐकला आहे त्यांनाही समजावं अशा बेताने लिहितो. जाताना मलाही तेवढंच समजत होतं, फक्त ते मला ठाऊक नव्हतं.

सुरुवात एका पुस्तकाने झाली. ते मीच ग्रंथालयातून घरी आणलं. त्यात लिहिलं होतं की माणसाच्या पाठीच्या कण्याच्या तळाशी, मूलाधार नावाच्या चक्रात, एक शक्ती साडेतीन वेटोळे घालून सर्पिणीसारखी निजलेली असते. तीच कुंडलिनी. कण्याच्या डावीकडे इडा, उजवीकडे पिंगळा आणि मधून सुषुम्ना अशा तीन नाड्या. श्वास ताब्यात आला की मधली वाट उघडते, शक्ती जागी होते आणि एकेक चक्र ओलांडत टाळूपर्यंत चढते. पुढे आकृत्या होत्या आणि आकडे होते. श्वास घेताना सोळा मोजायचे, रोखून धरताना चौसष्ट, सोडताना बत्तीस.

सुमतीला हे करून पाहावंसं वाटलं. मला आकडे आवडले. रोज पहाटे ती सतरंजीवर बसायची आणि मी समोर मनगटी घड्याळ हातात घेऊन मोठ्याने मोजायचो. आम्हाला मूलबाळ नाही, सकाळचा वेळ मोकळा असायचा. दोन महिन्यांनी एकदा ती म्हणाली, "अहो, पाठीतून काहीतरी गरम चढल्यासारखं होतं. भीती वाटते." मी पुस्तक काढून तिला पान दाखवलं. हीच खूण आहे, असं त्यात होतं. "थांबू नकोस," मी म्हणालो.

लहानपणच्या तापाने तिच्या हृदयाची झडप अधू झालेली होती. ते मला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. ती गेल्यावर डॉक्टरांनी तेच कारण लिहिलं. श्वास रोखण्याचं मी त्यांना सांगितलं नाही.

दिवस झाल्यावर ते पुस्तक परत करायला काढलं तर आतून एक अंतर्देशीय पत्र पडलं. कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून आलेलं, सुमतीच्या नावचं. अक्षर सुरेख, शाळेत फळ्यावर लिहितात तसं. 'ताई, आपले पत्र पावले. हा विषय पत्राने शिकवता येत नाही. जमल्यास एकदा यावे. तोवर श्वास मुळीच रोखू नये. आपल्या हृदयाचे दुखणे पाहता हे निक्षून सांगतो.' खाली वेगळ्या, वाकड्या हाताने सही होती, गणपत मिस्त्री. शेजारणीचं माहेर कोल्हापूरचं. तिच्याकडून सुमतीने पत्ता मिळवला होता, हे मला नंतर कळलं.

पत्रावरचा टपालाचा शिक्का ती जाण्याच्या पाच महिने आधीचा होता. त्या पाच महिन्यांत एकही सकाळ न चुकवता मी चौसष्टपर्यंत मोजलं होतं.

गुरुवार, कोल्हापूर

मिरजेला गाडी बदलून दुपारी पोचलो. आणीबाणी उठून वर्षभर झालं होतं आणि स्टेशनाबाहेरच्या भिंतींवर निवडणुकीची जुनी अक्षरं अजून तशीच होती. स्टँडजवळ एका लॉजमध्ये उतरलो. व्यवस्थापकांनी वही पुढे केली.

"पावणं, कुठनं आलायसा?"

"अकोल्याहून."

"लई लांबनं की. अंबाबाईला?"

"नाही."

"मग कुस्त्या बगायला?" त्यांनी माझ्या मनगटांकडे एकदा पाहिलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "न्हाय, कुस्त्या न्हाय." पुढे त्यांनी काही विचारलं नाही. वर स्वतः कळशीभर पाणी आणून ठेवलं आणि खिडकीचा खिट्टा कसा लावायचा ते दोनदा दाखवलं. इकडची माणसं भांडल्यासारखी मोठ्याने बोलतात आणि त्याच आवाजात काळजी घेतात. आमच्याकडे वऱ्हाडात बोलणं जरा सैल, ऐसपैस. मला पहिल्या दिवशी सतत वाटत होतं की माझं काहीतरी चुकलं आहे.

संध्याकाळी देवळापर्यंत गेलो. बाहेरूनच नमस्कार केला. आत जाऊन काय मागायचं ते ठरत नव्हतं. तिथून चालत गंगावेशीला आलो तर रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या आणि माणसं पेले घेऊन रांगेत. गवळी समोरच धार काढत होता आणि फेसाचा पेला तसाच हातात देत होता. मी घुटमळलो. सुमती दूध तीन वेळा उतू जाईपर्यंत तापवायची.

"पाणी न्हाय हं त्यात," गवळी म्हणाला. "घालायला टाईमच कुठं गावतोय, तुम्ही समोर उभं."

दूध कोमट होतं, थोडं गोड, गवताचा वास असलेलं. मी सगळं प्यालो. सात महिन्यांत एखाद्या गोष्टीची चव माझ्या आठवणीत राहावी अशी ती पहिली.

शुक्रवार, शिरोली

शिरोलीला उतरलं की धुरांडी दिसू लागतात. औद्योगिक वसाहतीतल्या रस्त्यांवर काळी वाळू पसरलेली, आणि तिच्या पलीकडे लगेच उसाचे फड. एका बाजूने गुऱ्हाळाचा गोड वास येतो आणि दुसऱ्या बाजूने जळलेल्या कोळशाचा. पत्रावरच्या पत्त्याचा लोखंडाचा कारखाना सापडायला वेळ लागला नाही.

मी दाढीवाल्या, भगव्या वस्त्रातल्या माणसाची कल्पना करून आलो होतो. समोर आले ते पंचावन्नएक वर्षांचे बुटके, रुंद गृहस्थ. खाकी अर्धी चड्डी, बनियन, डोक्याला फडकं, कोपरांपर्यंत हात काळे.

"गणपत मिस्त्री?"

"मीच की."

मी पत्र दाखवलं. त्यांनी हात पुसले, पत्राची सही पाहिली आणि माझ्या मागे पाहिलं. "ताई कुठं हायत?"

"ती गेली. सात महिने झाले."

पत्र होत्या त्याच घड्यांवर मिटून त्यांनी मला परत दिलं. "आज ओतकाम हाय, पावणं. रस कुणासाठी थांबत न्हाय. ह्या बाकड्यावर बसा. जेवाय संगट जाऊ."

मी बसून पाहिलं. लाकडी पेट्यांमध्ये ओलसर काळी वाळू ठोकून ठोकून साचे केलेले. मिस्त्री गुडघ्यांवर बसून प्रत्येक साच्यात एक बारीक सळई खुपसत होते आणि बाहेर काढत होते. शिवणयंत्राने टाके घालावेत अशा वेगाने. मग भट्टीचं तोंड फुटलं आणि वितळलेल्या लोखंडाचा पांढरट पिवळा रस डोलांतून वाहून साच्यांत ओतला जाऊ लागला. सळईने पाडलेल्या प्रत्येक भोकातून निळी ज्योत उठायची आणि विझायची. कोपऱ्यातल्या एका साच्यात ओतताच फाडकन आवाज झाला आणि रस उडाला. जवळचे दोघे उडी मारून बाजूला झाले. कुणाला लागलं नाही.

"कुणी केलता रं ह्यो?" मिस्त्री ओरडले. "वाळवला न्हाईस, भोकं पाडली न्हाईस, आणि ओतायची घाई."

"मिस्त्री, नवं चेलं बगाय लागल्यात," कुणीतरी मागून म्हणालं. "जरा दमानं शिव्या द्या."

दुपारी जेवताना मी त्यांना पुस्तकातली कुंडलिनी सांगितली. साडेतीन वेटोळे, सहा चक्रं, टाळूवरचं सहस्रार, सोळा-चौसष्ट-बत्तीस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग जमिनीवरच्या वाळूत बोटाने एक उभी रेघ ओढली.

"पुस्तकात हाय ते खोटं न्हाय. मी तेवढं शिकल्यालो न्हाय, मला आपलं साच्याचं कळतंय." रेघेच्या तळाशी त्यांनी एक वेटोळं काढलं. "हितं रस हाय म्हणा. वर जायाची वाट ही. आता मघाशी उडाला तो साचा बगितला न्हवं? रस चांगलाच हुता. साचा ओला हुता, आणि हवा जायाला वाट न्हवती. म्हंजे दोष कुणाचा?"

"साचा करणाऱ्याचा."

"मग. म्हणून आदी वाळवायचं, भोकं पाडायची. ह्या नाकानं घ्यायचा, त्या नाकानं सोडायचा, धरायचा न्हाय. सहा म्हैनं, वरीस. त्याला नाडी साफ करणं म्हणत्यात. लोक तिथंच कटाळत्यात."

"आणि शक्ती जागी कधी होते?"

"झोपल्याली बाई हाय ती. लाथ मारून उठवतासा व्हय?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "घर झाडा, चूल पेटवा, पाणी भरा. उठायची तवा उठंल. न्हाय उठली तर घर तरी झाडून झालं की."

त्यांनी हे तरुणपणी तालमीत, वस्तादांकडून शिकलं होतं. गुडघा गेला, कुस्ती सुटली, श्वास तेवढा राहिला, असं ते म्हणाले. मला लॉजवर परत जाऊ दिलं नाही. शिरोली गावात त्यांची एक खोली होती. घरची मंडळी कुरुंदवाडला, हे आठवडाभर इथे आणि सोमवारच्या सुट्टीला तिकडे.

शनिवार, शिरोली

उजाडायच्या आधी त्यांनी मला खोलीपुढच्या ओट्यावर बसवलं. खाली पोतं, वर घोंगडं. गार वारं होतं आणि लांबून गुऱ्हाळाच्या इंजिनाची टकटक येत होती.

बसल्याबरोबर मी सवयीने घड्याळ काढून हातात घेतलं. मिस्त्रींनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, आत जाऊन खुंटीला अडकवलं आणि परत येऊन बसले.

"आता नुसतं बगा, कुठल्या नाकातनं चाललाय."

मी पाहू लागलो. डाव्या नाकपुडीतून चालला होता. त्याआधी पन्नास वर्षांत मी हे कधी पाहिलं नव्हतं. मग अंगठ्याने उजवी नाकपुडी धरून डावीकडून घ्यायला आणि उजवीकडून सोडायला त्यांनी शिकवलं, हळू, आवाज न करता. तीन-चार वेळा ठीक झालं. मग मिस्त्री म्हणाले, "व्हट हलाय लागल्यात तुमचं."

मी ओठ मिटले. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "हलत्यात की. मोजताय?"

"हो."

"कुणासाठी मोजताय?"

त्यांनी सहज विचारलं असावं. मी मात्र सगळंच सांगितलं. पुस्तक, घड्याळ, पाठीतला गरमपणा, तिची भीती, माझं थांबू नकोस म्हणणं. तुमचं पत्र आल्यानंतरही ती रोखत राहिली, कारण मी समोर बसून मोजत होतो, हेही सांगितलं. "मला एवढंच विचारायचं होतं," मी म्हणालो, "तिचं मरण माझ्या मोजण्यातून आलं का? डॉक्टरांना विचारण्याची हिंमत झाली नाही. तुम्ही या विषयातले आहात."

मिस्त्रींनी गुडघ्यावरून हात फिरवला.

"मी डाक्टर न्हाय. हृदयाचं मला कळत न्हाय," ते म्हणाले. "पाठीत गरम झालं म्हणताय, त्येचं सांगतो. मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येत्यात, श्वास धरला की कान तापत्यात. सगळ्या मुंग्या म्हंजे कुंडलिनी न्हाय. माणसाला लई घाई असती, मुंगीला साप म्हणायची." मग माझ्याकडे वळून, "ताईंचं आणिक एक पत्र आलतं. दुसरं."

मला ते माहीत नव्हतं.

"त्यात काय होतं?"

"मला थोडं थोडं याद हाय. पण मी न्हाय सांगणार. माझ्या तोंडातनं ऐकून तुमास्नी पटायचं न्हाय. तुम्ही कागदावरचं मानणारं माणूस." ते उठले. "माझं अक्षर म्हंजे कोंबडीचं पाय. पत्रं सगळी रहिमान मास्तर वाचतोय, तोच लिवतोय. त्येच्यापाशी हायत, कुरुंदवाडला. सोमवारी जाऊ. तवर बसा की गप. नाक हाय न्हवं?"

रविवार, शिरोली

दोन दिवस थांबणं मला कठीण गेलं. मिस्त्रींनी मात्र ते पत्र असल्याचं विसरून गेल्यासारखं मला कामाला लावलं. सकाळी नाक, दुपारी त्यांच्या खोलीतला पितळी दिवा चिंचेने घासणं, संध्याकाळी ओढ्यापर्यंत चालणं. श्वास मोजायचा नाही, पावलं मोजायची नाहीत, पायऱ्या मोजायच्या नाहीत. मोजत नसलो की मला सुमती आठवायची, आणि ती आठवली की मी मोजू लागायचो. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग आठवू दे की. त्यात काय मोडतंय?"

रविवारी कामावरून आल्यावर त्यांनी स्वतः स्वयंपाक केला. त्यांच्यासाठी मटण आणि तांबडा रस्सा. योगाभ्यास करणारा माणूस मटण खातो हे मी उघडच पाहत राहिलो असणार, कारण ते म्हणाले, "वस्तादांनी श्वास शिकवला तवा ताटात काय हाय ते इचारलं न्हाय." माझ्या गळ्यात तुळशीची माळ, म्हणून मला पिठलं-भाकरी. शेजारी एका वाटीत पांढरा, पातळ, नारळाच्या दुधासारखा दिसणारा पदार्थ होता. मी तो सोलकढीसारखा काहीतरी समजून प्यालो. फार चांगला होता. आणखी एक वाटी मागून घेतली.

मिस्त्रींनी वाटी भरली आणि मग त्यांचा हात थांबला. "पावणं, तुम्ही माळकरी न्हवं?"

"का?"

"ह्यो पांढरा रस्सा. मटणाचं पाणी हाय त्ये."

दोघंही त्या वाटीकडे पाहत बसलो. "माझं चुकलं," ते म्हणाले, "वाटी तुमच्या बाजूला ठेवाय नको हुती." मला राग आला नाही, किळसही आली नाही. मला एवढंच वाटलं की हे सुमतीला सांगितलं असतं तर ती दोन दिवस हसली असती, पदर तोंडाला लावून, आवाज न करता. मी हसायला लागलो. मिस्त्री आधी बिचकले, मग तेही हसले. सात महिन्यांनी मी हसत होतो आणि त्यासाठी मला एका परक्या गावातला मटणाचा रस्सा लागला.

सोमवार, कुरुंदवाड

एसटी इचलकरंजीच्या स्टँडवर थांबली तेव्हा चहूकडून यंत्रमागांचा खडखडाट येत होता. तिथून पुढे काळी सपाट जमीन, ऊस, तंबाखू, आणि मग कुरुंदवाड. गाव जुनं, शांत, नदीच्या अंगाने वसलेलं. मिस्त्री मला घरी न नेता सरळ मास्तरांकडे घेऊन गेले.

रहिमान मास्तर मराठी शाळेतून निवृत्त झालेले. सडपातळ, पांढरी टोपी, नाकावर चष्मा. मिस्त्री आणि ते लहानपणी एका वर्गात होते. मिस्त्रींनी तिसरीत शाळा सोडली, मास्तर शाळेतच राहिले. मिस्त्रींना श्वासाबद्दल विचारणारी पत्रं दूरदूरहून येतात. ती ते दर सोमवारी आणतात, मास्तर वाचून दाखवतात, मिस्त्री उत्तर सांगतात आणि मास्तर ते शुद्ध करून लिहितात. वाचलेली पत्रं दुकानातल्या बिलांसारखी एका लांब तारेत ओवून ठेवलेली होती. ती तार खिडकीच्या गजाला टांगलेली होती.

"हे अकोल्याचं पावणं," मिस्त्री म्हणाले. "ताईंचं मालक. ताई गेल्या."

मास्तरांनी मान खाली घातली, काहीतरी पुटपुटले. घरातून बासुंदी आली. ती दाट होती आणि मला खाववत नव्हती. मास्तरांच्या ते लक्षात आलं. "राहू द्या. आधी काम सांगा."

"ताईंचं दुसरं पत्र दावा ह्यास्नी," मिस्त्री म्हणाले.

मास्तर उठले, तारेपाशी गेले, पण हात लावला नाही. "गणपत, त्या पत्रात त्यांनी एक गोष्ट लिहिली होती, आठवतं? ह्यांना कळू देऊ नये म्हणून."

"ताई आता न्हाईत, मास्तर."

"म्हणून तर विचारतोय. असत्या तर त्यांनाच विचारलं असतं."

मला तेव्हा मास्तरांचा राग आला होता हे कबूल करतो. आज मला त्या घटकेबद्दलच सर्वांत जास्त कृतज्ञता वाटते. माझ्या बायकोचा शब्द पाळावा की नाही, याचा विचार करणारा एक माणूस त्या अनोळखी गावात होता.

शेवटी मास्तरांनी मला विचारलं, "तुम्ही रागवाल का त्यांच्यावर?"

"नाही."

"मग ठीक आहे." त्यांनी तारेतून पत्रं एकेक करून काढली, सुमतीचं पत्र वेगळं केलं आणि माझ्या हातात दिलं. तारेचं भोक मधोमध होतं.

ते पत्र इथे देतो.

'श्री. मिस्त्री यांस सा. न. वि. वि. आपण लिहिल्यापासून मी श्वास रोखत नाही. बरे वाटते. एक विचारायचे आहे. आमच्याकडे हे दिवसभरात फार बोलत नाहीत. स्वभाव तसा आहे, माझी तक्रार नाही. सकाळी मात्र समोर बसून माझ्यासाठी मोठ्याने मोजतात. मी रोखत नाही हे कळले तर मोजणे बंद करतील आणि पुस्तक घेऊन बसतील. म्हणून ते चौसष्टपर्यंत जातात तोवर मी हळूहळू श्वास घेत-सोडत बसते. त्यांच्या लक्षात येत नाही, कारण ते घड्याळाकडे बघत असतात. त्यांचा आवाज ऐकत बसले की मला शांत वाटते. ही फसवणूक होते का? झाली तरी मला तो अर्धा तास हवा आहे. कृपा करून त्यांना कळू देऊ नये.'

मी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"उत्तर काय लिहिलंत?" मी विचारलं.

"एरवी मी गणपतचं बोलणं सुधारून लिहितो," मास्तर म्हणाले. "त्या दिवशी सुधारलं नाही. जसं बोलला तसं लिहिलं. 'ताई, फसवणूक कसली त्यात. तुमचा अभ्यास झ्याक चाललाय.'"

ते उत्तर मला घरात सापडलं नव्हतं. तिने ते फाडून टाकलं असावं, मला दिसू नये म्हणून.

मग मी बासुंदी खाल्ली. मास्तरांनी आणखी वाढली, मी तीही खाल्ली. निघताना मी पत्र परत करू लागलो तर त्यांनी माझा हात मागे सारला. "मी वाचलं म्हणून ते ह्या तारेवर होतं. आता तुमच्याकडे असू द्या."

दुपार उतरल्यावर मिस्त्री मला कृष्णा आणि पंचगंगा मिळतात तिकडे, घाटावर घेऊन गेले. दोन पाण्यांचे रंग काही अंतर वेगळे दिसतात, मग दिसत नाहीत. पलीकडे कुणीतरी बैल धूत होतं. मिस्त्री एका पायरीवर बसले आणि शेजारची पायरी त्यांनी हाताने झटकली.

"बसा आता."

मी बसलो. डाव्या नाकपुडीतून घेतला, उजवीतून सोडला. ओठ हलू लागले तेव्हा हलू दिले. कुठल्या तरी आकड्यावर ते आपोआप थांबले. कुठल्या, ते मला सांगता येणार नाही. डोळे उघडले तेव्हा बैल निघून गेले होते आणि पायऱ्यांवर सावली आली होती.

"काय झालं?" मिस्त्रींनी विचारलं.

"पायांना मुंग्या आल्या."

"व्हय. त्या मुंग्याच हायत." त्यांनी मला हात देऊन उठवलं.

अकोला

परत आल्यावर मी डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, झडप पूर्वीपासूनच निकामी होत चालली होती. पहिल्या काही महिन्यांत तिने श्वास रोखला, त्याने काही फरक पडला का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मीही पुढे विचारलं नाही. तेवढं माझ्यापाशी राहील.

दर महिन्याला मी मिस्त्रींना पत्र लिहितो. उत्तर मास्तरांच्या अक्षरात येतं आणि त्यात बहुतेक वेळा एवढंच असतं की घाई करू नये. पुस्तक ग्रंथालयात परत गेलं आहे. मागणारे येतात. देताना मी त्यांना सांगतो की आकड्यांचं पान वाचा, पण त्याप्रमाणे घरी करू नका, आधी कुणाकडे तरी जा. एरवी मी पुस्तक देताना काही बोलत नसे.

पहाटे मी सतरंजीवर बसतो. घड्याळ खुंटीवर असतं. कुंडलिनी जागी झालेली नाही. समोरची जागा रिकामी आहे. आधी डावी नाकपुडी, मग उजवी, असं अर्धा तास चालतं. उठण्यापूर्वी एकदा मी मोठ्याने चौसष्टपर्यंत मोजतो. मोठ्याने मोजताना श्वास रोखता येत नाही.